चार सबक्लास, किती टेबलं? ओआरएममधल्या इनहेरिटन्सबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. जावा आणि हायबरनेटवर चालणारं ॲप्लिकेशन आहे (हायबरनेट हे जावाचं ओआरएम, म्हणजे कोडमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी). त्यात ‘पेमेंट’ हा पेरेंट क्लास आणि त्याखाली कार्ड, बँक ट्रान्सफर, वॉलेट आणि चेक असे चार सबक्लास, म्हणजे पेरेंटचा सामायिक भाग वारशाने (इनहेरिटन्सने) घेणारे क्लास. रिफंड आणि इन्व्हॉइस या दोन्ही टेबलांना पेमेंटचा संदर्भ लागतो. टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळं एकाच टेबलात कोंबलं तर निम्मे कॉलम नल (रिकामे) राहतील, तेव्हा जॉइन्ड घ्या, म्हणजे सामायिक भागाचं एक टेबल आणि प्रत्येक प्रकाराचं जोडटेबल. दुसरा म्हणतो, जॉइनची कटकटच नको, प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र टेबल द्या. कोणाचं ऐकायचं, आणि आजचा निर्णय उद्या नडला तर बदलता येईल का?

तुमच्यासाठी माझं उत्तर: एकच टेबल. मात्र दोन्ही बाजू ज्या मुद्द्यांवर भांडताहेत, त्या मुद्द्यांवर हा निर्णय ठरत नाही. नल किती आणि जॉइन किती हे नंतरचं. आधी क्लास डायग्राम मिटून ठेवा आणि एवढंच विचारा, की या पेरेंटकडे बाहेरून कोण कोण बोट दाखवतं?

रिलेशनल डेटाबेसला इनहेरिटन्स कळत नाही. एसक्यूएलच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्ये एका टेबलाखाली दुसरं टेबल अशी रचना आली होती, पण रोजच्या वापरातल्या ओआरएमपैकी कोणी तिच्यावर उभं राहिलं नाही. डेटाबेसला कळते ती फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोचा तपासलेला संदर्भ), आणि फॉरेन की एका ठरावीक टेबलाकडेच बोट दाखवू शकते. ‘या चार टेबलांपैकी कुठल्यातरी एकात हा आयडी आहे’ असं तिला सांगायची सोय नाही. म्हणून रिफंडला ‘कुठलंही पेमेंट’ चालणार असेल, तर सगळ्या पेमेंटचे आयडी ज्यात आहेत असं एक टेबल असलंच पाहिजे. ते नसेल तर रिफंडमधला पेमेंट_आयडी हा नुसता आकडा उरतो. तो खरा आहे की लटकलेला, हे तपासायची जबाबदारी ॲप्लिकेशनवर येते, आणि ॲप्लिकेशन ती कायम निभावत नाही. एखादी रात्रीची स्क्रिप्ट थेट डेटाबेसवर चालते आणि अनाथ रिफंड तयार होतात.

या एका कसोटीवर ‘प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र टेबल’ हा मार्ग तुमच्याकरता बाद होतो. तरी तो का मोहात पाडतो ते सांगतो, कारण टेबलं उघडून पाहिली तर हाच मार्ग सगळ्यांत स्वच्छ दिसतो. नल नाहीत, जॉइन नाहीत, नॉट नल हवं तिथे लावता येतं. दुखणं सुरू होतं ते ‘या ग्राहकाची सगळी पेमेंट दाखवा’ म्हटल्यावर. ओआरएम चारही टेबलांचं युनियन ऑल करतं (सगळ्या रो एकाखाली एक जोडतं), ज्या टेबलात जो कॉलम नाही तिथे नल भरतं, आणि त्या सगळ्या गठ्ठ्यावर ऑर्डर बाय आणि लिमिट लावतं. डेटाबेसचा ऑप्टिमायझर हुशार निघाला तर प्रत्येक टेबलाच्या इंडेक्समधून थोड्या थोड्या रो उचलेल; नाहीतर सगळ्या गोळा करून सॉर्ट करत बसेल. पाचवा प्रकार आला की प्रत्येक यादीच्या क्वेरीत आणखी एक फांदी वाढते.

आयडीचाही घोळ आहे. चारही टेबलांत मिळून आयडी एकमेव हवा, त्यामुळे प्रत्येक टेबलाचा आपापला ऑटो इन्क्रिमेंट चालत नाही. हायबरनेट या मांडणीत आयडेंटिटी जनरेशन सरळ नाकारतं. सामायिक सिक्वेन्स (सगळ्यांना मिळून क्रमांक वाटणारा) किंवा यूयूआयडी (कुठेही बनवला तरी वेगळाच निघणारा लांबलचक आयडी) लागतो. जेपीए या जावाच्या ओआरएम स्पेसिफिकेशनने, जे हायबरनेटही पाळतं, तर या मार्गाला पाठिंबा देणं बंधनकारकच ठेवलेलं नाही.

मग हा मार्ग कुठे शोभतो? जिथे पेरेंटला कोणी कधी विचारतच नाही तिथे. पण तसं असेल तर तो इनहेरिटन्स टेबलापर्यंत न्यायचं कारणच उरत नाही. तयार_वेळ, बदल_वेळ, व्हर्जन असे चार कॉलम सगळीकडे हवेत म्हणून केलेला बेस क्लास हा याचा नेहमीचा नमुना. त्याला जेपीएमध्ये मॅप्ड सुपरक्लास आहे, जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये ॲब्स्ट्रॅक्ट मॉडेल आहे. ती कोडची सोय आहे. डेटाबेसच्या लेखी त्या टेबलांचं एकमेकांशी काही नातं नाही, आणि तेच बरं.

उरले दोन मार्ग: सगळ्यांचं मिळून एक टेबल, किंवा सामायिक भागाचं एक टेबल आणि प्रत्येक सबक्लासच्या जादा कॉलमांचं जोडटेबल, म्हणजे जॉइन्ड. सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये या तिन्ही मांडण्यांना नावं दिली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालतात. २००६ साली जेपीएची पहिली आवृत्ती आली तेव्हा सिंगल टेबल हाच डीफॉल्ट ठरवला गेला. रूबीच्या रेल्समध्येही तोच डीफॉल्ट, डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्येही तोच. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या भाषांमध्ये एकच डीफॉल्ट निवडला हा योगायोग नसावा.

जॉइन्डबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण नॉर्मलायझेशन शिकलेल्या माणसाला तोच ‘योग्य’ वाटतो आणि वाद बहुतेक वेळा इथेच अडतो.

पेमेंट टेबलात आयडी, रक्कम, चलन, तयार_वेळ, स्थिती. कार्ड_पेमेंट टेबलात तोच आयडी प्रायमरी कीही आणि फॉरेन कीही, शिवाय टोकन, नेटवर्क, शेवटचे चार अंक. बाकी तिघांचं तसंच. कागदावर देखणं दिसतं. आता पेमेंटची यादी मागा. हायबरनेटला प्रत्येक रोचा नेमका सबक्लास ठरवून ऑब्जेक्ट बनवायचा असतो, म्हणून ते पेमेंटला चारही टेबलं लेफ्ट जॉइनने जोडतं. डिस्क्रिमिनेटर, म्हणजे रोचा प्रकार सांगणारा कॉलम, दिला नसेल तर वर एक केस एक्सप्रेशन घालतं: कार्ड_पेमेंटचा आयडी नल नसेल तर हा कार्ड, चेक_पेमेंटचा नल नसेल तर हा चेक. म्हणजे जे नल तुम्ही टेबलातून हाकलले, तेच क्वेरीच्या निकालात रांगेने परत आले. फरक इतकाच, की आता ते दर वेळी चार जॉइनची किंमत मोजून येतात.

जॉइन मुळात महाग नसतात, प्रायमरी कीवरचे तर नाहीतच. वीस रोच्या पानाला चार जॉइन कोणाला जाणवणारही नाहीत. खरी अडचण इंडेक्सची आहे, आणि ती चर्चेत क्वचितच येते. समजा स्क्रीनवर हवंय: अमुक नेटवर्कची कार्ड पेमेंट, नवीन आधी, पहिली वीस. एका टेबलात हे सोपं, (नेटवर्क, तयार_वेळ) असा इंडेक्स केला की डेटाबेस इंडेक्सच्या टोकापासून वीस नोंदी उचलतो आणि थांबतो. जॉइन्डमध्ये नेटवर्क आहे कार्ड_पेमेंटमध्ये आणि तयार_वेळ आहे पेमेंटमध्ये. दोन टेबलांवर मिळून एक बी-ट्री इंडेक्स करता येत नाही. डेटाबेसपुढे दोनच वाटा: नवीन पेमेंटपासून मागे चालत जायचं आणि प्रत्येकाचं नेटवर्क कार्ड_पेमेंटमध्ये डोकावून पाहायचं, किंवा त्या नेटवर्कची सगळी पेमेंट गोळा करून तारखेने सॉर्ट करायची. नेटवर्क नेहमीचं असेल तर पहिली वाट चटकन संपते. ते क्वचित वापरलं जाणारं असेल तर वीस रो सापडेपर्यंत लाखो पेमेंट पालथी घालावी लागतात. मग कोणीतरी तयार_वेळ कार्ड_पेमेंटमध्येही कॉपी करतं. ज्या नॉर्मलायझेशनसाठी टेबलं फोडली होती, ते तिथेच संपलं.

लिहिण्याचा खर्च वेगळा. प्रत्येक पेमेंटमागे दोन इन्सर्ट. ऑप्टिमिस्टिक लॉकिंगचा (दोघांनी एकाच वेळी रो बदलली तर ती टक्कर पकडणारा) व्हर्जन कॉलम मूळ टेबलात असतो, त्यामुळे नुसतं कार्डचं टोकन बदललं तरी पेमेंटच्या रोवर अपडेट होतंच. एकगठ्ठा अपडेट किंवा डिलीटसाठी हायबरनेट आधी आयडी तात्पुरत्या टेबलात गोळा करतं आणि मग एकेका टेबलावर काम करतं. रात्री चालणारी साफसफाई अचानक मंदावली की इथे पाहा.

तरीही जॉइन्ड योग्य ठरतो अशा जागा आहेत. सबक्लासला स्वतःचे पंचवीस-तीस कॉलम आहेत, त्याची स्वतःची पिल्लं टेबलं आहेत, त्याच्यावरचं काम बहुतेक त्याच्यापुरतंच चालतं आणि एकत्र यादीत त्याची जुजबी माहितीच लागते, असं असेल तर खुशाल जॉइन्ड घ्या. संवेदनशील माहितीचे अधिकार टेबलागणिक वेगळे ठेवायचे असतील तरीही. पण अशा वेळी मी आणखी एक पर्याय आधी तपासतो: पेमेंट हा एकच क्लास ठेवायचा आणि ‘चेक तपशील’ हा वेगळा क्लास त्याला वन-टू-वन जोडायचा. टेबलं तीच, फॉरेन की तीच, पण तपशील केव्हा लोड करायचा हे ओआरएम ठरवत नाही, तुम्ही ठरवता. रेल्सने ६.१ आवृत्तीत आणलेला डेलिगेटेड टाइप याच विचाराचा. फक्त तिथे पेरेंटमध्ये प्रकाराचं नाव आणि आयडी अशी जोडी असते, आणि अशा जोडीवर खरी फॉरेन की लावता येत नाही, हे लक्षात ठेवून वापरावा.

आता एका टेबलाकडे. ‘नलमुळे जागा वाया जाते’ हा आक्षेप मी सगळ्यांत आधी बाजूला काढतो. पोस्टग्रेसमध्ये नल कॉलम रोच्या डेटात जागाच घेत नाही. कॉलममागे एक बिट, बस. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनचंही साधारण तसंच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठरावीक लांबीचा कॉलम नल असला तरी जागा अडवतो, त्यासाठी २००८ च्या आवृत्तीपासून स्पार्स कॉलम (नलसाठी जागा न अडवणारे) आहेत. चार सबक्लासांचे मिळून पंधरा-वीस जादा कॉलम असतील तर जागेचा विचार सोडून द्या.

नलचा खरा त्रास वेगळा आहे. कार्ड पेमेंटला टोकन हवंच, पण कॉलमवर नॉट नल लावता येत नाही, कारण चेकच्या रोमध्ये तो रिकामाच राहणार. ओआरएममधलं व्हॅलिडेशन हे काम करतं असं वाटतं, पण ते ओआरएममधून जाणाऱ्यांपुरतंच. बरेच जण इथे खांदे उडवून पुढे जातात, आणि काही वर्षांनी टेबलात टोकन नसलेली कार्ड पेमेंट आणि चेक क्रमांक असलेली वॉलेट पेमेंट सापडतात. एका टेबलाची बदनामी झाली आहे ती यामुळे. उपाय अगदी साधा आहे, फक्त तो ओआरएमच्या नव्हे, डेटाबेसच्या अंगणात आहे: चेक कन्स्ट्रेंट. (इथला चेक म्हणजे पडताळणीचा, बँकेचा नव्हे.) अट अशी लिहायची:

(प्रकार = 'कार्ड') = (कार्ड_टोकन रिकामं नाही)

डावीकडचं खरं तर उजवीकडचंही खरं, डावीकडचं खोटं तर उजवीकडचंही खोटं. एका ओळीत दोन्ही गोष्टी साधल्या: कार्डला टोकन लागतंच आणि इतर कोणाला ते चालत नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ही बरोबरीची तुलना थेट घेतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तीच गोष्ट अँड-ऑरने लांबवून लिहावी लागते. एक बारीक सापळा आहे. एसक्यूएलमध्ये अटीचा निकाल नल आला तर चेक कन्स्ट्रेंट रो आत सोडतो. तो फक्त स्पष्ट ‘खोटं’ आलं तरच अडवतो. म्हणून प्रकार हा कॉलम स्वतः नॉट नल असलाच पाहिजे, नाहीतर बिनप्रकाराची रो या सगळ्या अटींमधून निसटते. मायएसक्यूएलवर असाल तर आवृत्ती पाहून घ्या, ८.०.१६ च्या आधी तो चेक कन्स्ट्रेंट मुकाट्याने वाचायचा आणि सोडून द्यायचा, एररही देत नसे.

युनिक इंडेक्सचंही पाहायला हवं. बँक आणि चेक क्रमांक ही जोडी एकमेव हवी, पण इतर प्रकारांत दोन्ही नल. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल युनिक इंडेक्समध्ये कितीही नल चालवून घेतात, त्यामुळे साधा इंडेक्सही पुरतो. एसक्यूएल सर्व्हर सगळेच नल सारखे धरतो आणि दुसऱ्याच रोला अडवतो, तिथे फिल्टर्ड इंडेक्स करावा लागतो. पोस्टग्रेसमध्येही मी ‘प्रकार चेक असेल तरच’ असा पार्शल इंडेक्स करतो, कारण तो लहान राहतो. नुसत्या प्रकार कॉलमवर इंडेक्स करू नका. चारच किमती असलेल्या कॉलमचा एकटा इंडेक्स क्वचित कामाला येतो.

एका टेबलाविरुद्ध एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो: फक्त सबक्लासकडेच बोट दाखवायचं असेल तर काय? समजा ‘न वटलेले चेक’ असं टेबल आहे आणि त्यातली नोंद चेक पेमेंटचीच असली पाहिजे. पेमेंट_आयडीवरची साधी फॉरेन की कार्ड पेमेंटही चालवून घेईल. इथे दोन कॉलमांची फॉरेन की कामी येते. पेमेंट टेबलात (आयडी, प्रकार) या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट करा. न वटलेल्या चेकांच्या टेबलात पेमेंट_आयडी सोबत प्रकार हा कॉलमही ठेवा, त्याला नॉट नल आणि चेक कन्स्ट्रेंट लावून ‘चेक’ या एकाच किमतीवर बांधा, आणि फॉरेन की दोन्ही कॉलमांची मिळून द्या. आता कार्ड पेमेंटचा आयडी तिथे घुसूच शकत नाही. हीच युक्ती जॉइन्डमध्येही लावता येते, आणि लावावी. नाहीतर एकच आयडी कार्ड_पेमेंटमध्येही आणि चेक_पेमेंटमध्येही असायला डेटाबेसची काही हरकत नसते. अशा सबक्लासपुरत्या फॉरेन की दोन-तीन असतील तर ठीक. दहा व्हायला लागल्या तर त्या सबक्लासला स्वतःचं टेबल द्यायची वेळ आली असं समजा.

डिस्क्रिमिनेटरमध्ये काय साठवायचं? छोटा, स्थिर कोड. क्लासचं नाव नको. रेल्स डीफॉल्टने क्लासचं नावच साठवतं, आणि मग कोणी नाव बदललं किंवा क्लास दुसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवला की जुन्या रो वाचताना ‘सबक्लास सापडला नाही’ असा एरर येतो. जेपीएमध्ये डिस्क्रिमिनेटर व्हॅल्यू स्वतः द्या. न दिल्यास तिथेही एंटिटीचं नावच जातं.

डिप्लॉयमेंटच्या वेळी यातून एक खास संकट उभं राहतं, ते प्रश्नात नसलं तरी तुमच्या वाट्याला येणारच. पाचवा प्रकार आला. नवी आवृत्ती एकेका सर्व्हरवर चढते आहे. नव्या सर्व्हरने नव्या प्रकाराचं पेमेंट लिहिलं आणि तीच रो जुन्या सर्व्हरने वाचली. जुन्याला तो कोड माहीत नाही, आणि तो ती रो सोडून देत नाही, एक्सेप्शन फेकतो. त्या ग्राहकाची पूर्ण यादी कोसळते, जुन्या पेमेंटसकट. साध्या कॉलममध्ये अनोळखी मजकूर आला असता तर फार तर स्क्रीनवर विचित्र दिसला असता. इथे ऑब्जेक्टच बनत नाही. म्हणून नवा सबक्लास दोन टप्प्यांत पाठवायचा: आधी वाचू शकणारा कोड सगळीकडे, मग लिहिणारा. हायबरनेटमध्ये डिस्क्रिमिनेटर व्हॅल्यू म्हणून ‘नॉट नल’ अशी खास किंमत देता येते, ती दिलेला क्लास उरलेल्या सगळ्या अनोळखी कोडांचा धनी होतो. रोलबॅकची शक्यता असेल तर असा एक ‘अज्ञात पेमेंट’ क्लास ठेवलेला बरा.

हायबरनेट वापरताय म्हणून आता प्रॉक्सीबद्दल. टेबलांची मांडणी कुठलीही असो, हा खड्डा आहेच. रिफंडमध्ये पेमेंटचा संदर्भ लेझी ठेवलाय, म्हणजे लागेल तेव्हाच लोड होणारा. रिफंड लोड झाला तेव्हा हायबरनेटकडे फक्त पेमेंट_आयडी आहे. ते पेमेंट कार्डाचं की चेकचं हे पेमेंटची रो वाचल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ते पेमेंट क्लासची प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी बसणारा प्रतिनिधी, ठेवतं. तुम्ही कोडमध्ये विचारता, हे पेमेंट ‘इन्स्टन्सऑफ कार्डपेमेंट’ आहे का? उत्तर: नाही. खरी रो कार्डाची असली तरी नाही. प्रॉक्सीने मागाहून डेटा लोड केला तरीही नाही, कारण जावामध्ये ऑब्जेक्टचा क्लास नंतर बदलत नाही. एरर येत नाही, कोड चुपचाप चुकीच्या फांदीत शिरतो. जावा २१ मध्ये स्विचला टाइप पॅटर्न मिळाल्यापासून असा कोड लिहायचा मोह वाढलाय, आणि त्यातली डीफॉल्ट फांदी अशा प्रॉक्सी बिनबोभाट गिळते. टेस्टमध्ये हे पकडलं जात नाही, कारण टेस्टमध्ये पेमेंट नुकतंच बनवलेलं, खरं ऑब्जेक्ट असतं.

सुटका दोन तऱ्हांनी होते. हायबरनेटची अनप्रॉक्सी मेथड वापरून आतला खरा ऑब्जेक्ट काढायचा, ती ५.२.१० पासून आहे. किंवा प्रकार विचारायचाच नाही: पेमेंट क्लासवर ‘रिफंड करता येईल का’ अशी मेथड ठेवा, प्रत्येक सबक्लासने आपलं उत्तर द्यावं. प्रॉक्सी हा कॉल आतल्या खऱ्या ऑब्जेक्टकडे नेते आणि बरोबर उत्तर मिळतं. मी दुसरी तऱ्हा घेतो. इनहेरिटन्सचा खरा फायदा तोच होता. प्रत्येक ठिकाणी प्रकार विचारूनच काम करायचं असेल तर चार सबक्लासांऐवजी एक इनम (ठरावीक किमतींची यादी) पुरला असता. लॉगमध्ये ‘नॅरोइंग प्रॉक्सी’ अशी वॉर्निंग दिसत असेल तर तीही याच घरातली: एकाच रोचे दोन ऑब्जेक्ट हातात आलेत आणि त्यांची बरोबरीच्या चिन्हाने केलेली तुलना आता फसणार.

इनमचा विषय निघालाच आहे तर: पेमेंटच्या बाबतीत इनहेरिटन्स शोभतो, कारण कार्ड पेमेंट जन्मभर कार्ड पेमेंटच राहतं. ज्याचा प्रकार आयुष्यात बदलतो त्याला सबक्लास करू नका. ‘पाहुणा वापरकर्ता’ नोंदणी करून ‘सदस्य’ होतो, तेव्हा तीच रो दुसऱ्या क्लासची व्हायला हवी, आणि जेपीएमध्ये एंटिटीचा क्लास बदलायची सोय नाही. लोक मग थेट एसक्यूएलने डिस्क्रिमिनेटर बदलतात आणि सेशनमध्ये जुन्या क्लासचा ऑब्जेक्ट तसाच उरतो. ती स्थिती आहे, प्रकार नव्हे. तिला कॉलम द्या. तसंच एकच व्यक्ती ग्राहकही आणि पुरवठादारही असू शकत असेल तर ती भूमिका झाली, तिला वेगळं टेबल द्या.

इतर ओआरएमवाल्यांसाठी धावतं सांगतो. जँगोमध्ये ॲब्स्ट्रॅक्ट न करता मॉडेल वाढवलं की गुपचूप जॉइन्ड होतं, आणि पेरेंटची यादी मागितली तर पेरेंटचेच ऑब्जेक्ट येतात. सबक्लासकडे जायला प्रत्येक रोमागे एक क्वेरी, ती टाळायला सिलेक्ट_रिलेटेड लावा. शिवाय बल्क_क्रिएट अशा चाइल्ड मॉडेलवर चालत नाही. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या ओआरएममध्ये जॉइन्ड घेतला तर सबक्लासचे कॉलम डीफॉल्टने मागाहून, रोगणिक लोड होतात. विथ_पॉलिमॉर्फिक किंवा सिलेक्टइन_पॉलिमॉर्फिक माहीत करून घ्या. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये जॉइन्डसारखी मांडणी ५.० मध्ये, २०२० साली आली आणि स्वतंत्र टेबलांची ७.० मध्ये, २०२२ साली. रेल्समध्ये डेव्हलपमेंट मोडमध्ये सबक्लासची फाइल अजून लोड झालेली नसेल तर मधल्या पातळीच्या क्लासची क्वेरी काही प्रकार गाळते. सबक्लास आधीच लोड करून ठेवा. आणि पोस्टग्रेसचं स्वतःचं टेबल इनहेरिटन्स यासाठी वापरू नका: युनिक आणि फॉरेन की कन्स्ट्रेंट त्यात खालच्या टेबलांपर्यंत पोचत नाहीत, म्हणजे जे हवं होतं तेच मिळत नाही.

शेवटचा भाग, नंतर बदलता येईल का. एक टेबल आणि जॉइन्ड यांच्यात ये-जा करता येते, कारण दोन्हीकडे मूळ पेमेंट टेबल आणि त्यातले आयडी तेच राहतात. रिफंड आणि इन्व्हॉइसला धक्काही लागत नाही. स्वतंत्र टेबलांतून बाहेर पडणं अवघड. वर म्हटलेला सामायिक आयडी ठेवलेला नसेल आणि चारही टेबलांत आयडी क्रमांक १ असेल, तर नवे आयडी वाटावे लागतात आणि ते जिथे जिथे पोचलेत, अगदी बाहेरच्या सिस्टिमपर्यंत, तिथे तिथे बदलावे लागतात. सुरुवातीलाच तो मार्ग नको म्हणण्याचं हेही एक कारण.

तुमच्या टीमने जॉइन्डचं काम थोडं केलेलं असेलच, तर परतीचा क्रम असा. पेमेंट टेबलात सबक्लासचे कॉलम नल चालणारे म्हणून वाढवा. डिस्क्रिमिनेटर नसेल तर तोही, सध्या नल. जुन्या मॅपिंगला हे कॉलम दिसत नाहीत, म्हणून कार्ड_पेमेंट वगैरे चारही टेबलांवर ट्रिगर लावून तिथलं प्रत्येक लिखाण पेमेंटमध्येही उतरवा. मग जुन्या रो हजार-दोन हजारांच्या तुकड्यांनी भरा. एकाच मोठ्या अपडेटने टेबल लॉक होऊन बसेल.   भरून झालं की मॅपिंग बदलणारी आवृत्ती शक्यतो सगळ्या सर्व्हरवर एकदम चढवा: नवे सर्व्हर जुन्या टेबलांत लिहीत नाहीत, त्यामुळे दोन्ही आवृत्त्या शेजारी चालल्या तर नवं पेमेंट जुन्या सर्व्हरला अर्धवटच दिसेल. त्यानंतर चेक कन्स्ट्रेंट लावा, पोस्टग्रेसवर आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून आणि नंतर वेगळ्या कमांडने व्हॅलिडेट करून, म्हणजे मोठं लॉक क्षणभरच लागतं. प्रकार नॉट नल करा. मग ट्रिगर काढा, जुन्या चार टेबलांवरचे लिहिण्याचे अधिकार काढून घ्या आणि ती एक-दोन रिलीज तशीच पडू द्या. कुठलीतरी विसरलेली रिपोर्टिंग स्क्रिप्ट किंवा रात्रीचा जॉब अजून तिथे लिहीत असेल, तर ती परमिशनच्या एररने स्वतःच समोर येईल.